आउटडोअर पेंटिंग किट पन्हाळ्यावर: काय चालतं, काय घरी ठेवावं

लाकडी पेटी. उघडली की खालून तीन पाय निघतात, आत खण, खणात चोवीस नळ्या, डझनभर ब्रश, लाकडी पॅलेट आणि सोबत बारा पानांचं ए-थ्री पॅड. झाकणावर बर्फाच्या शिखराचा फोटो. ‘कम्प्लीट आउटडोअर पेंटिंग किट’ म्हणून ऑनलाइन मिळणारी ही पेटी चार-पाच वेगवेगळ्या नावांनी विकली जाते, पण माल जवळपास एकाच साच्यातला असतो. त्यामुळे इथे कुणा एका नावाला धरून बोलण्यात अर्थ नाही. कोल्हापुरात कलानिकेतनला किंवा दळवीजला, म्हणजे कला महाविद्यालयात, प्रवेश मिळाला की घरचे कौतुकाने हेच मागवून देतात, आणि पहिल्या लँडस्केपच्या सहलीनंतर ते कपाटावर जाऊन बसतं. असं का होतं, ते सुटं सुटं करून बघू.

निकाल आधीच सांगून टाकतो. पेटी सुबक, रंग थोडेच कामाचे, कागद टाकाऊ. सह्याद्री रंगवायचा असेल तर पैशाचा क्रम नेमका उलटा हवा: सगळ्यात जास्त कागदावर, मग सहा-सात चांगल्या नळ्या, आणि बोर्ड उभा करायची सोय सर्वांत शेवटी.

पेटी आणि तिचे पाय

या प्रकाराला फ्रेंच बॉक्स ईझल म्हणतात. मुळात तो तैलरंगासाठी घडवलेला आहे: कॅनव्हास उभा धरायचा, खण अर्धा बाहेर ओढून त्यावर पॅलेट ठेवायची आणि उभ्याने काम करायचं. तैलरंगासाठी आजही तो उत्तम. मधली काठी मागे पाडून कॅनव्हास जवळजवळ आडवा करता येतो, म्हणून जलरंगालाही चालतो असं जाहिरातीत लिहितात. चालतो, पण ओढूनताणून. आडवा बोर्ड पेटीच्या मागच्या बाजूला लोंबतो, वजन एका अंगाला जातं आणि हात टेकला की बोर्ड डुलतो.

रिकाम्या पेटीचं वजन पाच-सहा किलो असतं. रंग, पाणी, कागद धरून नऊ किलोच्या आसपास जातं. धरायला फक्त एक चामडी मूठ, पाठीवर घ्यायला पट्टे नाहीत. गाडीने थेट पन्हाळ्यावर जाऊन तटाजवळच बसणाऱ्याला ते जड वाटणार नाही. म्हाळुंग्याकडून पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर चालत जायचं असेल, तर पहिल्या चढालाच मूठ तळहातात रुतते. पट्टे हवेत तर पेटीला भोकं पाडू नका, फळ्या पातळ असतात. रुंद निवारपट्टी पेटीभोवती दोन ठिकाणी गुंडाळून खांद्याचा पट्टा शिवून घ्यावा.

पायांत दोन दोष असतात. एक म्हणजे बिजागरीचे स्क्रू फार आखूड. पाच-सात फेऱ्यांनंतर ते लाकडात सैल होतात आणि पाय बाहेरच्या बाजूला घसरू लागतो. स्क्रू काढून भोकात काडेपेटीची काडी फेव्हिकॉल लावून ठोकायची, रात्रभर वाळू द्यायची आणि तोच स्क्रू परत पिळायचा. वर्षभर हलत नाही. दुसरं, पायांची लांबी विंगनटने आवळायची असते आणि ते नट चालता चालता गळून पडतात. पठारावरच्या गवतात पडलेला विंगनट शोधणं म्हणजे दिवस वाया. पेटी आली की एक नट काढून हार्डवेअरच्या दुकानात न्यावा, त्याच मापाचे चार जादा घ्यावेत आणि खणात टेपने चिकटवून ठेवावेत.

पावसाळ्यात लाकूड फुगून खण अडकतो. तो जोर लावून ओढला तर पुढची पट्टी हातात येते. खणाच्या दोन्ही कडांना आणि खाचेला आधीच मेणबत्ती घासून ठेवली की बराच फरक पडतो.

खरी परीक्षा वाऱ्याची. हिशोब साधा आहे. हाफ शीट म्हणजे १५ बाय २२ इंचाचा कागद. त्याला बोर्ड लागतो १६ बाय २३ इंचाचा. वारा ताशी ३० किलोमीटरचा असेल आणि बोर्ड उभा, तर त्यावर साधारण सव्वा किलोचा रेटा येतो. ताशी ४० ला तोच दोन किलोच्या पुढे जातो, कारण वेग वाढतो त्याच्या वर्गाच्या प्रमाणात रेटा वाढतो. हा रेटा जमिनीपासून कंबरेच्या उंचीवर लागतो, आणि पेटीच्या पायांचा घेर जेमतेम हातभर. झुळूक आली की पेटी हलते, झोत आला की आडवी. मसाई पठारावर आडोसा म्हणून काही नाही, त्यामुळे तिथे हे हमखास होतं. उपाय म्हणजे मधोमध पिशवी टांगून त्यात दोन-तीन किलो दगड घालायचे. पिशवी जमिनीला जरा टेकलेली असू द्यावी; लोंबती ठेवली तर ती घड्याळाच्या लंबकासारखी झुलते आणि पेटीला उलट हिसके देते. छत्री ईझललाच बांधायची सूचना पुस्तिकेत असते. पन्हाळ्यावर ती पाळू नये.

जलरंगवाल्याला याहून स्वस्त आणि बरा पर्याय गावातच आहे. कॅमेऱ्याचा जुना ट्रायपॉड बहुतेकांच्या घरात किंवा ओळखीत असतो. त्यावर बोर्ड बसवायला उद्यमनगरातल्या कुठल्याही लेथवाल्याकडून एक प्लेट करून घ्यायची: अॅल्युमिनियम, ७५ बाय ७५ मिलिमीटर, जाडी ६ मिलिमीटर, मध्ये आट्याचं भोक, चार कोपऱ्यांत स्क्रूसाठी काउंटरसिंक केलेली (स्क्रूचं डोकं आत बसेल अशी) भोकं. वजन शंभर ग्रॅमच्या आत. सांगताना ‘पाव इंची, वीस आटे’ असं स्पष्ट सांगावं. नुसतं ‘ट्रायपॉडचा स्क्रू’ म्हटलं तर हाताशी असलेला एम-सिक्सचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारून मिळतो. तो ६ मिलिमीटरचा आणि त्याचे आटे बारीक. कॅमेऱ्याचा स्क्रू ६.३५ मिलिमीटरचा, तो एक-दीड फेऱ्यानंतर अडकतो आणि जोर केला तर अॅल्युमिनियमचे आटे खरवडून जातात. शंका नको म्हणून ट्रायपॉडच सोबत न्यावा. जाडी सहापेक्षा कमी नको, कारण ट्रायपॉडचा स्क्रू पाचेक मिलिमीटर वर येतो आणि पातळ प्लेटमधून बाहेर निघून बोर्डाला टोचतो.

बोर्ड म्हणून ६ मिलिमीटर प्लायवुड घेतलं तर सुमारे ८५० ग्रॅम होतं. फ्लेक्सवाल्याकडचा ५ मिलिमीटरचा सनबोर्ड (फोमची पांढरी शीट) त्याहून हलका, पण ओला कागद ताणून चिकटवला तर तो धनुष्यासारखा वाकतो. क्लिपा लावून काम करणाऱ्याने सनबोर्ड, कागद ताणणाऱ्याने प्लाय. ट्रायपॉडचं डोकं पुढेमागे आणि आडवं वेगवेगळं फिरणारं असावं. गोळ्यावर फिरणारं बॉल हेड ओल्या बोर्डाच्या वजनाने हळूहळू कलतं, आणि ते लक्षात येईपर्यंत आकाश खाली उतरलेलं असतं.

चोवीस नळ्या

नळ्यांवरची नावं वाचायच्या आधी पाठीमागे बारीक अक्षरात लिहिलेला पिगमेंटचा, म्हणजे मूळ रंगद्रव्याचा, क्रमांक वाचावा. तो लिहिलेलाच नसेल तर तेही एक उत्तर आहे. ‘कोबाल्ट ब्लू ह्यू’, ‘सेरुलियन ह्यू’ यांतला ‘ह्यू’ म्हणजे खरा कोबाल्ट (पीबी २८) किंवा खरा सेरुलियन (पीबी ३५) नाही, त्याच्यासारखा दिसणारा स्वस्त रंग. स्वस्त सेटमध्ये तो बहुधा थॅलो ब्लू किंवा अल्ट्रामरीनमध्ये पांढरा घालून केलेला असतो. एरवी याने बिघडत नाही, पण दूरचा डोंगर रंगवताना बिघडतं. पातळ वॉशमधून, म्हणजे भरपूर पाण्यात पसरलेल्या रंगाच्या थरातून, कागदाचा पांढरेपणा दिसला पाहिजे. पांढरा मिसळलेला निळा तिथे दुधट साय धरतो, आणि अंतर दिसण्याऐवजी डोंगरावर चुना मारल्यासारखा वाटतो.

चोवीसातल्या कामाच्या नळ्या या: अल्ट्रामरीन (पीबी २९), यलो ऑकर, बर्न्ट सिएना, लाइट रेड किंवा इंडियन रेड, लेमन यलो. या रंगांत फसवायला फारसा वाव नाही, कारण ती पिगमेंट मुळातच स्वस्त आहेत. स्वस्त सेटमध्येही बऱ्यापैकी खरी मिळतात. वेगळे विकत घ्यावेत असे दोनच: खरा सेरुलियन, आणि क्रिमसनच्या जागी क्विनॅक्रिडोन रोझ (पीव्ही १९). सेटमधला अलिझरिन क्रिमसन पीआर ८३ चा असेल तर तो उजेडात उडतो. आज जांभळट दिसणारी सावली काही वर्षांनी राखाडी होते. व्हायोलेटची नळी याच कारणाने संशयास्पद. काळा बाजूलाच ठेवावा. सॅप ग्रीन, हूकर्स ग्रीन, एमरल्ड या तिन्ही नळ्या धाकट्या भावंडांना द्याव्यात. पांढरा फक्त गवाशसारखं (अपारदर्शक जलरंगाचं) जाड काम करणार असाल तर.

काळ्याची जागा अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना घेतात, आणि सह्याद्रीचं अर्धं चित्र या दोघांवरच उभं राहतं. निळा जास्त घातला की सावलीतला कडा, सिएना जास्त घातला की उन्हातला. अल्ट्रामरीनचे कण खरबरीत कागदाच्या खळग्यांत बसतात आणि वॉश दाणेदार वाळतो. बेसाल्टच्या कड्याला तो दाणा फुकटात मिळतो, वेगळं टेक्स्चर काढावं लागत नाही. थॅलो ब्लूला हा दाणा नाही, शिवाय तो कागदाला असा डसतो की चुकलं तर स्पंजने उचलता येत नाही.

आता झाकणावरच्या फोटोबद्दल. बर्फाच्या शिखरांचं रंगकाम शिकवणारी पुस्तिका सोबत येते, ती इथे दिशाभूल करते. रशियन चित्रकार निकोलस रोरिकने १९२८ पासून १९४७ मध्ये जाईपर्यंत कुलूतल्या नग्गरला राहून हिमालय रंगवला. टेंपरा वापरून, सपाट आणि मॅट रंगात. दूरची शिखरंही धारदार कडेची. उंचावरच्या विरळ, कोरड्या हवेत लांबचं तसंच दिसतं. पन्हाळ्यावरून पश्चिमेला पाहिलं तर तिसऱ्या रांगेतच कडा विरघळतात. आपल्याकडे हवा हाच चित्राचा विषय असतो.

आकारही वेगळा. सह्याद्री म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक थर. त्यामुळे डोंगर त्रिकोणी नसतो, पायऱ्यांचा असतो: वर सपाट माथा, खाली उभा कडा, मग उतार, मग पुन्हा कडा. या आडव्या पट्ट्या लांबच्या रांगांतही एका पातळीत जुळतात. पेन्सिलने आधी त्या पट्ट्या हलक्या आखाव्यात, मग बाह्यरेषा. उलट केलं की जोतिबाचा डोंगर आल्प्समधला होतो.

जांभ्याचं पठार लाल रंगवणं ही दुसरी नेहमीची चूक. ताजा कापलेला चिरा नारिंगी-लाल असतो, खरं आहे. पण वर्षानुवर्षं ऊनपाऊस खाल्लेला उघडा कातळ काळपट राखाडी असतो, शेवाळ आणि दगडफुलाने डागाळलेला. लाल दिसतो तो फक्त पाऊलवाटेवर, गाडीच्या चाकोरीत आणि तुटलेल्या कडेला. कातळाला अल्ट्रामरीन-सिएनाचा राखाडी, वाटेला लाइट रेड. एवढं केलं तरी मसाई पठार ओळखू येतं.

हिरव्याचं गणित महिन्यावर. जुलै-ऑगस्टमध्ये लेमन यलोत अल्ट्रामरीन, आणि फार ओरडू लागला तर सिएनाचं टोक. सप्टेंबरमध्ये पठारांवर पिवळा कवला, निळी-जांभळी सीतेची आसवं, पांढरे गेंद फुलतात. ती फुलं ठिपक्यांनी न भरता सलग पट्टा म्हणून रंगवावीत, आणि त्यांच्यात ट्रायपॉड रोवू नये. ऑक्टोबरअखेर ऑकर वर येतो. डिसेंबरपासून गवत सोनेरी, त्यात सावलीला रोझ आणि अल्ट्रामरीनचा फिका जांभळा. फेब्रुवारी-मार्चला वणवा लागून गेलेले उतार काळे. तिथे कोरड्या ब्रशने ओढलेला गडद पट्टा पुरतो.

एक गोष्ट कुठल्याच पुस्तिकेत नसते. ऊस गाळपाच्या हंगामात पंचगंगेच्या खोऱ्यात सकाळी जो थर तरंगतो, तो नुसतं धुकं नसतो. गुऱ्हाळांचा आणि पाचट जाळल्याचा धूर त्यात असतो. त्यामुळे तो निळा नाही, मातकट गुलाबी दिसतो. सेरुलियनमध्ये लाइट रेडचा थेंब घालून तो जमतो. नुसता निळा वापरला की चित्र महाबळेश्वरचं होतं.

कागद: किटची सगळ्यात कमकुवत बाजू

पॅडवर ‘वॉटरकलर पेपर’ लिहिलेलं असतं, २०० जीएसएम (चौरस मीटरला २०० ग्रॅम), लाकडाच्या लगद्याचा. आकाशाचा पहिला वॉश दिला की तो फुगतो, त्यात नाले पडतात, रंग नाल्यांत साचतो आणि आकाश पन्हाळी पत्र्यासारखं पट्ट्यापट्ट्यांचं वाळतं. दुसऱ्या थराला ब्रश फिरवला की पहिला थर उठतो आणि कागदाचे तंतू निघू लागतात. डोंगरांच्या चार रांगा म्हणजे एकावर एक चार थर. या कागदावर ते होतच नाही, आणि शिकणाऱ्याला वाटतं हात वाईट आहे.

लागतो तो ३०० जीएसएमचा, शंभर टक्के कॉटनचा, कोल्ड प्रेस (मध्यम खरबरीत) कागद. आर्शेस, सॉन्डर्स वॉटरफोर्ड, फॅब्रियानो आर्टिस्टिको हे तिन्ही त्या जातीचे. महाग आहेत, वाद नाही. म्हणून फुल शीट, २२ बाय ३० इंचाचं, सुटं घ्यावं आणि चार तुकडे करावेत. ११ बाय १५ इंचाचा क्वार्टर डोंगरावर पुरेसा मोठा असतो आणि वाऱ्याचा रेटाही निम्मा होतो. कापण्याऐवजी घडी पुढेमागे तीन-चार वेळा दाबून स्टीलच्या पट्टीवर फाडलेला बरा.

घेताना मात्र ब्रँडवर जाऊ नका, त्या एका कागदाकडे बघा. कागदात रंग लगेच शोषला जाऊ नये म्हणून सरस किंवा तत्सम द्रव्य घातलेलं असतं, त्याला साइझिंग म्हणतात. दमट हवेत दोन-तीन पावसाळे काढलेल्या कागदाचं साइझिंग मरतं. बाहेरून काही दिसत नाही. वॉश दिला की मध्येच गडद ठिपके उमटतात, ब्रशचा फटकारा टिपकागदावर मारल्यासारखा आत जातो. दुकानात परवानगी घेऊन मागच्या बाजूच्या कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवावा. चांगल्या कागदावर तो मण्यासारखा उभा राहतो. मेलेल्या कागदात काही सेकंदांत पसरून मुरतो. हलवला तर चांगला कागद खडखडतो, ओल खाल्लेला मऊ वाजतो. भिंतीला लागून असलेल्या मांडणीतला तळचा कागद तर कुणी अर्ध्या किमतीत दिला तरी जलरंगासाठी नको. कोळशाला किंवा पेस्टलला तो चालतो. घरी कागद झिपच्या पिशवीत, सिलिका जेलची पुडी घालून, भिंतीपासून लांब ठेवायचा.

ताणायचा असेल तर ३०० जीएसएमचा कागद पाच-सात मिनिटं पाण्यात बुडवून, प्लायवर पसरून, चारही कडांना दोन इंची गमटेप लावून आडवाच वाळवायचा. उभा वाळवला की पाणी खालच्या कडेला उतरतं आणि खालची टेप सुटते. क्वार्टरला एवढी खटपट नको, चार क्लिपा बस्स. फुगला की क्लिप सोडून ओढायची, पुन्हा लावायची.

ब्रश, पॅलेट वगैरे

डझनात कामाचे दोन: मोठा चपटा वॉशचा आणि दहा नंबरचा गोल, तोही टोक धरत असेल तर. ब्रश ओला करून झटकावा. टोक आपोआप जुळलं तर ठेवा. कडक हॉगचे (डुकराच्या केसांचे) ब्रश तैलरंगाचे आहेत. लाकडी पॅलेटही तैलरंगाचीच. तपकिरी लाकडावर पातळ निळा किती गडद आहे ते कळत नाही, आणि तिचं वॉर्निश पाण्याला थेंब थेंब करून फेकतं. लक्ष्मीपुरीत मिळणारी पांढरी इनॅमलची थाळी तिच्यापेक्षा चांगली. नळीतला रंग पॅलेटवर काढून ठेवणाऱ्यांनी पावसाळ्यात झाकण घट्ट लावू नये, बुरशी धरते. मध घातलेले महागडे रंग तर कोल्हापूरच्या जुलैत वाळतच नाहीत, पॅलेट उभी धरली की एकमेकांत वाहतात.

किटमध्ये नसलेल्या पण लागणाऱ्या वस्तू: दोन लिटर पाणी (पठारावर मिळेल हे गृहीत धरू नये), दोन भांडी, सुती फडकं, फवाऱ्याची बाटली, सहा क्लिपा, टोपी. डोक्यावर सावली नाही मिळाली तरी चालेल, कागदावर हवी. थेट उन्हातल्या कागदावर सगळंच फिकं वाटतं, हात गडद लावत जातो, आणि चित्र घरात आणलं की कोळशाचं दिसतं.

एका सकाळीपुरतं

हे सामान कसं वागतं ते नोव्हेंबरअखेरच्या सकाळीवर लावून बघू. सूर्य पावणेसातच्या सुमारास वर येतो. रांगा सुट्या दिसायचा वेळ साडेनऊपर्यंत, त्यानंतर उजेड सपाट. म्हणजे हातात पावणेतीन तास, त्यातले नव्वद मिनिटं रंगाचे.

पहिली पाच मिनिटं तळहाताएवढ्या चौकटीत तीनच टोनचं (फिका, मधला, गडद) रेखाटन. बोर्डाला पंधरा अंशांचा कल. तीस अंश दिला तर वॉशचा काठ धावत सुटतो. आकाश आणि सगळ्यात दूरची रांग एकाच दमात: वर सेरुलियन, क्षितिजाकडे ऑकरचा पुसट वॉश, तो ओलसर असतानाच दूरची रांग सेरुलियन आणि कणभर लाइट रेडने. कड मऊ राहते, तीच हवी. आता थांबायचं. कागदाला हाताची पाठ लावून गार लागलं तर अजून ओल आहे. इथे घाई केली की ओलसर वॉशमध्ये नवं पाणी शिरतं आणि कोबीच्या फुलासारखा डाग पडतो, जो नंतर निघत नाही.

दुसरी रांग अल्ट्रामरीन तीन भाग, सिएना एक भाग. वरची कड कोरड्या कागदावर, स्वच्छ धारेची. खालची कड मात्र रंग ओला असतानाच नुसत्या पाण्याच्या ब्रशने विरवायची. दरीतलं धुकं म्हणजे हा रिकामा ठेवलेला भाग, पांढऱ्या रंगाने घातलेला नव्हे. तिसरी रांग त्याच पद्धतीने, निळा-सिएना निम्मेनिम्मे. समोरचा कातळ सगळ्यात शेवटी, जवळजवळ कोरड्या ब्रशने. प्रत्येक थर वाळल्यावर एक टोन फिका होतो हे धरून आधीच जरा गडद लावायचा. चारही रांगांच्या कडा सारख्याच कडक झाल्या तर डोंगर पुठ्ठे कापून उभे केल्यासारखे दिसतात. ही चूक रंगाची नाही, न थांबण्याची किंवा फार थांबण्याची.

कारण वाळायचा वेळ मोसमाप्रमाणे पार बदलतो. ऑक्टोबरच्या दुपारी पठारावर वॉश दोन-तीन मिनिटांत वाळतो, कड विरवायला उसंत मिळत नाही. तेव्हा कागद दोन्ही बाजूंनी भिजवून अॅक्रिलिकच्या शीटवर अंथरावा. खालची ओल पंधरा-वीस मिनिटं पुरते. पावसाळ्यात गगनबावड्याला उलट. अर्धा तास झाला तरी आकाश ओलं. ग्लिसरीनचा थेंब हा उन्हाळ्याचा उपाय आहे, तो पावसात वापरला तर चित्र चिकट राहून बुरशी धरतं. जुलै-ऑगस्टला घाटावर कोळसा किंवा कमी पाण्यात चालणारा गवाश न्यावा. जलरंगाचा हट्ट तिथे फळत नाही.

मग घ्यावी की नको?

तैलरंगात काम करणार असाल, गाडी थेट जागेपर्यंत जात असेल आणि रंकाळा, पंचगंगा घाट अशा ठिकाणी बसणार असाल, तर पेटी जरूर घ्या, पण रिकामी. रंगांसकट किट घेण्यात फायदा नाही. कोल्हापूरच्या निसर्गचित्राचा जुना हात पाण्याकाठीच बसलेला आहे. आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) कोटितीर्थाच्या काठी राहिले आणि तेच पाणी, तीच झाडं वेगवेगळ्या वेळी रंगवत राहिले. टाऊन हॉलच्या संग्रहालयात त्यांची कामं बघावीत, राजारामपुरीत चित्रकार-अभिनेते चंद्रकांत मांडरे यांच्या संग्रहालयातली निसर्गचित्रंही. किती कमी रंगांत काम भागतं ते जवळून दिसतं, आणि चोवीस नळ्यांचा मोह तिथेच निम्मा होतो.

डोंगरासाठी: ट्रायपॉड, उद्यमनगरातली प्लेट, हलका बोर्ड, सात नळ्या, दोन ब्रश, इनॅमलची थाळी, आणि उरलेले सगळे पैसे कागदात. पाणी सोडून हे सगळं चार किलोच्या आत बसतं आणि पाठीवर जातं.

किट आधीच घरात आलं असेल तर पॅड सरावाच्या टोनसाठी वापरून संपवा, पेटी तैलरंगासाठी ठेवा. आणि मेअखेर, पहिल्या वळवानंतर, खण अर्धा उघडा ठेवून पेटी माळ्यावर टाका. बंद ठेवली तर ऑक्टोबरला तो स्क्रूड्रायव्हरने उचकटावा लागतो.